जुन्या आर्मी गाडीचा वाजवी भाव: माझा हिशोब असा असतो

जुनी मिलिटरी जीप किंवा ट्रक घेणाऱ्यांचं एक कायमचं गाऱ्हाणं असतं की विकणारे अव्वाच्या सव्वा मागतात, आणि विकणाऱ्यांचं गाऱ्हाणं असं की लोक येतात, चार चकरा मारतात आणि भंगाराचा भाव सांगून निघून जातात. मला दोघांचंही पटतं, कारण दोघं बोलत असतात वेगवेगळ्या गाडीबद्दल. विकणाऱ्याच्या डोळ्यासमोर रंगवलेली, चालती, प्रदर्शनात उभी केलेली जीप असते आणि घेणाऱ्याला दिसतो नुसता गंज. म्हणून मी आकडा सांगतो तेव्हा तो कसा आला ते कागदावर मांडून दाखवतो, आणि जो आकडा असा मांडून दाखवायची मला लाज वाटेल तो मी तोंडातून काढतच नाही.

आधी गाडी नक्की कुठली आहे ते बघायचं. हे ऐकायला सोपं वाटतं पण भावातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. दुसऱ्या महायुद्धातली जीप म्हणजे विलिस एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू, 1941 ते 1945 या काळात दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर बनल्या. त्यानंतरची सिव्हिलियन सीजे-टू-ए तशीच दिसते, आणि फ्रेंच सैन्यासाठी लायसन्सवर बनलेली हॉचकिस एम-201 तर इतकी सारखी दिसते की हिरवा रंग आणि पांढरा तारा मारला की युद्धातली जीप म्हणून सहज खपते. हॉचकिस वाईट गाडी आहे असं अजिबात नाही, उलट बऱ्याच जणांनी पहिली गाडी म्हणून तीच घ्यावी असं मला वाटतं, पण भाव हॉचकिसचा द्यायचा, 1943 च्या विलिसचा नाही.

ओळखायचं कसं, तर पुढच्या बंपरच्या मागे हात घाला, फडक्याने चिखल आणि ग्रीस पुसा आणि रेडिएटरच्या खालून आडवा जाणारा चेसिसचा तुकडा बघा. गोल नळी असेल तर विलिस, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्ड. मग बोल्टची डोकी बघा, फोर्डने आपल्या पार्टवर आणि बोल्टवर छोटा एफ उठवलेला असायचा, गंजाखालूनही तो बोटाला लागतो. चेसिस नंबर विलिसला चेसिसच्या डाव्या लांब पट्टीच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या छोट्या प्लेटवर असतो, फोर्डला पट्टीवर वरून थेट ठोकलेला असतो. डॅशबोर्डवरच्या पितळी प्लेटवर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका, तशा प्लेट नवीन बनवून मिळतात. हेडलाइट बिजागरीवर मागे उलटून इंजिनावर उजेड पाडतात का तेही बघा, सीजेला ते नसतं आणि सीजेला मागे उघडणारं फळकूट असतं.

आता एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. विलिसच्या चेसिसवर फोर्डचं इंजिन बसलेलं दिसलं की काही लोक लगेच नाक मुरडतात आणि भाव पाडायला बघतात. अरे, सैन्याच्या वर्कशॉपमध्ये या गाड्या उघडून, पार्ट एकत्र करून पुन्हा जोडायचे, त्यांना नंबर जुळवायची गरज नव्हती, गाडी चालायला हवी होती. दोन्ही कंपन्यांचे पार्ट एकमेकांना बसावेत म्हणूनच तसं डिझाइन होतं. त्यामुळे मिसळ झालेली गाडी ही खरी सैन्यातून आलेली गाडी असू शकते. सगळे पार्ट एकाच कंपनीचे असतील तर जास्त द्या, पण मिसळ आहे म्हणून मोठी कपात मागणं मला वाजवी वाटत नाही.

रिस्टोअर करायला घेत असाल तर हिशोब शेवटाकडून करायचा. तशीच गाडी पूर्ण झालेली, चांगल्या अवस्थेतली, प्रत्यक्ष कितीला विकली गेली ते शोधा. जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नका, तो महिनोन्महिने तसाच पडून असतो. लिलावातला आकडा असेल तर त्यात लिलाववाल्याचं कमिशन धरलंय का ते बघा. त्यातून बॉडी, इंजिन, टायर, वायरिंग, ब्रेक, रंग, वाहतूक सगळं वजा करा. बऱ्याचदा उत्तर शून्याच्या खाली जातं, आणि इथे घेणारा चुकतो, तो हा उणे आकडा घेऊन विकणाऱ्याशी भांडायला लागतो. पण तुमच्या हौसेचा सगळा खर्च समोरच्याने का सोसायचा? हौसेला मोल नसतं म्हणतात ना, मग त्या हौसेचा वाटा आपण आपल्या खिशातून घालायचा. मी मजुरी, म्हणजे माझे स्वतःचे तास, कधीच वजा करत नाही. पार्ट आणि बाहेरून करून घ्यायचं काम तेवढंच धरतो.

खर्चाचा अंदाज मोठ्या पार्टवरून नाही, छोट्या पार्टवरून चुकतो. जीपची अख्खी बॉडी आज नवीन बनवून मिळते, फिलिपिन्समध्ये कित्येक वर्षं बनतायत. पण सीटच्या चौकटी, एअर क्लीनर, मूळ कार्बोरेटर, विंडशील्डची फ्रेम, टूलबॉक्सची झाकणं, दोन तुकडे बोल्टने जोडलेल्या कॉम्बॅट रिम, या गोष्टी नसतील तर एकेक करून गोळा करताना जीव जातो आणि पैसा तर जातोच. (त्या रिमचे बोल्ट टायरमध्ये हवा असताना कधीही सैल करू नका, माणूस मरू शकतो.) म्हणून गंजलेली पण पूर्ण गाडी आणि चकाचक पण अर्धी गाडी यातली मी पहिली घेतो, आणि तिला जास्त पैसे देतो.

गंज मात्र नीट बघायचा. जीपच्या फ्लोअरखाली पत्र्याच्या पन्हाळी असतात आणि त्यात मजबुतीसाठी लाकूड भरलेलं असतं, ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून फ्लोअर छान दिसतो, खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. चेसिसला चीर, वेल्डिंगचे ठिगळ, वाक असेल तर तिथे भाव खरंच खाली यायला हवा. इंजिन 2.2 लिटरचं, 60 हॉर्सपॉवरचं, साधं आणि दणकट आहे, हँडलने फिरतंय का बघा, ऑइल काढून दुधाळ आहे का, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय का बघा, कारण व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाला, चीर जाते किंवा थंड प्रदेशात आतलं पाणी गोठून ब्लॉक फुटतो. जाम झालेलं इंजिन सुटू शकतं, पण फुटलेला ब्लॉक ही वेगळीच गोष्ट, दोन्हीला एकच कपात लावू नका. गिअरबॉक्सही मूळचा टी-84 आहे की नंतरच्या सीजेमधला टी-90 बसवलाय ते विचारा. टी-90 चालवायला जास्त टिकाऊ, पण मूळ गाडी उभी करायची असेल तर टी-84 शोधणं हे वेगळं काम आणि वेगळा खर्च.

पार्टसाठी घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं आणि तिथे विकणारा जास्त फसतो, कधी स्वतःच स्वतःला. तो प्रत्येक पार्टची दुकानातली किंमत बघतो, बेरीज करतो आणि म्हणतो एवढे द्या. पण गाडी खोलायला वेळ लागतो, बोल्ट तुटतात, ठेवायला जागा लागते, निम्मे पार्ट वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. मी असं करतो, मला नक्की लागणारे पार्ट लिहितो, चालू स्थितीतल्या वापरलेल्या पार्टचा भाव लावतो, त्याच्या साधारण निम्मं धरतो, आणि उरलेल्या सांगाड्याला भंगाराचा भाव वजनावर. ही बेरीज विकणाऱ्यासमोर करतो. ट्रकच्या बाबतीत आणखी जपून, जीएमसी सीसीकेडब्ल्यूला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी आर्मी ट्रकला, दोन प्रकारचे एक्सल येतात, बँजो आणि स्प्लिट, आणि तुमचा स्प्लिट असेल तर बँजोची गाडी एक्सलच्या पार्टसाठी तुमच्या काहीच कामाची नाही, मग कितीही स्वस्त मिळो.

एम-151, म्हणजे अमेरिकी सैन्याची नंतरच्या काळातली जीपसारखी गाडी, घेणार असाल तर खाली झोपून बघा. तिला वेगळा चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि वळणावर उलटते म्हणून अमेरिकेत त्या अख्ख्या न विकता कापून भंगारात काढल्या. कापलेल्या जोडून पुन्हा उभ्या केलेल्या गाड्या फिरत असतात. फ्लोअरवर आडवी वेल्डिंगची रेघ दिसली तर मी ती फक्त पार्टची गाडी धरतो, विकणाऱ्याला काहीही वाटो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. अनेकदा विकणारी व्यक्ती ही त्या हौशी माणसाची बायको किंवा मुलगी असते, तो गेलेला असतो आणि शेडमध्ये उभं काय आहे हे तिला माहीत नसतं. तिच्या अज्ञानाला आपली सूट समजून मातीमोल भावात गाडी उचलणं आणि नंतर मित्रांमध्ये कशी लॉटरी लागली ते सांगत फिरणं, हे मला चोरीच वाटतं. शेल्फवर मेणकापडात, ग्रीसमध्ये गुंडाळलेले न वापरलेले जुने पार्ट पडलेले असतात, ते कधीकधी गाडीपेक्षा महाग असतात. ते काय आहेत ते तिला सांगा, वेगळे मोजा, वेगळा भाव द्या, किंवा दुसऱ्या कोणाला विचारून बघा असं सुचवा. व्यवहार हातचा गेला तर जाऊ दे.

आणि चेसिस शाबूत, नंबर वाचता येतो, गाडी जवळपास पूर्ण आहे, अशी गाडी पार्टसाठी खोलू नका. एक गिअरबॉक्स हवा म्हणून अख्खी जीप संपवली जाते, आणि नवीन तर कोणी बनवणार नाहीये. अशी गाडी समोर आली तर मी रिस्टोअर करणाऱ्याला कळवतो आणि माझा गिअरबॉक्स दुसरीकडे शोधतो.

भाव ठरला की पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, सोबत येणाऱ्या सगळ्या सुट्या पार्टची यादी आणि कागदपत्रं आहेत की नाहीत ते स्पष्ट लिहून दोघांनी सही करायची. कागद नसतील तर रस्त्यावर आणायच्या गाडीचा भाव देऊ नका, आणि नंबर घासलेला दिसला तर टोकनसुद्धा देऊ नका.