ग्रिम्सेल, फुर्का आणि मधली तळी : एका सायकल सहलीची आखणी

धाकट्या भावाने पाठवलेल्या पहिल्या आराखड्यात रोज शंभर किलोमीटर होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी पुण्याहून कोकणच्या किनाऱ्याने गोवा गाठले होते, तेव्हाचाच हिशेब त्याने जसाच्या तसा स्वित्झर्लंडच्या नकाशावर मांडला होता. तो कागद मी दोन दिवस जवळ ठेवला आणि मग प्रत्येक दिवसाच्या अंतरासमोर त्या दिवशीचा चढ मीटरमध्ये लिहून परत पाठवला. एका दिवसासमोर 3,000 हून मोठा आकडा पडला. त्याचा लगेच फोन आला, "ताई, हे नव्याने करायला हवं." आमच्या सहलीची खरी आखणी त्या फोनपासून सुरू झाली आणि पुढे आठ महिने चालली.

मध्य स्वित्झर्लंडचा हा भाग निवडण्याचे कारण तिथले पाणी. ल्युसर्नचे तळे समुद्रसपाटीपासून 434 मीटरवर आहे, ब्रिएन्झचे 564 मीटरवर, आणि त्यांच्या दक्षिणेला ग्रिम्सेल (2,164 मीटर) आणि फुर्का (2,429 मीटर) या खिंडी उभ्या आहेत. आपल्याकडे महाबळेश्वरच्या एकाच पठारावरून कृष्णा बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्री अरबी समुद्राकडे जाते. इथे तोच चमत्कार फार मोठ्या मापाने घडतो. फुर्काच्या अलीकडे हिमनदीतून निघालेली ऱ्होन जिनिव्हाच्या तळ्यातून भूमध्य समुद्राला मिळते, पलीकडची रॉइस ल्युसर्नच्या तळ्यात उतरते आणि पुढे तिचे पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्रात जाते. ऱ्हाइनचा उगम मानले जाणारे तळेही तिथून फार दूर नाही. सायकलवरून तीन दिवसांत हे सगळे पाहता येते, ही कल्पनाच मला झोप लागू देत नव्हती.

मार्ग असा ठरला : ल्युसर्नहून सार्नेन आणि लुंगेर्नच्या तळ्यांच्या काठाने, ब्रुनिग खिंड (1,008 मीटर) ओलांडून ब्रिएन्झ, दुसरा दिवस तळ्याकाठी पाय मोकळे करायला, तिसऱ्या दिवशी मायरिंगेनवरून ग्रिम्सेल चढून पलीकडे ओबरवाल्ड, चौथ्या दिवशी फुर्का आणि आंदरमाट, पाचव्या दिवशी सामान खोलीवर ठेवून ओबरआल्प खिंड, सहाव्या दिवशी वासेन आणि तिथून सुस्टेन खिंड. मोठ्या चढाआधी एक दिवस पाण्याच्या काठी काढायचा, हा माझा आग्रह होता. भावाला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटत होता. मला मात्र विमानप्रवासानंतरच्या अंगाने थेट दीड हजार मीटर चढणे धोक्याचे वाटत होते आणि अजूनही वाटते.

चढ मोजताना एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. सुरुवातीच्या गावाची उंची शिखराच्या उंचीतून वजा केली, की चढ निघाला असे आपण धरून चालतो. मायरिंगेन 595 मीटरवर आणि पुढचे इनर्टकिर्खेन 625 मीटरवर, म्हणजे मध्ये केवळ तीस मीटर. प्रत्यक्षात दोन्ही गावांच्या मध्ये किर्खेट नावाचा डोंगराचा आडवा कणा आहे. आरे नदी तो घळ कोरून भेदते, पण रस्त्याला तो शंभरेक मीटर चढून उतरावा लागतो. एवढ्याशा चढाने कुणी थकत नाही, पण असे तीन-चार कणे दिवसभरात भेटले तर संध्याकाळचा हिशेब बिघडतो. म्हणून आम्ही प्रत्येक दिवसाचा रस्ता उंचीच्या आलेखावर किलोमीटरगणिक वाचला.

इनर्टकिर्खेनपासून ग्रिम्सेलचा माथा 26 किलोमीटर आणि सुमारे 1,540 मीटर वर आहे. सिंहगडाचा घाटरस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांनी तो लागोपाठ अडीच वेळा, मध्ये एकदाही न उतरता, चढल्याची कल्पना करावी. याच्या जवळ जाणारा सलग चढ आपल्याकडे पोलादपूर ते महाबळेश्वर, म्हणजे आंबेनळी घाट. चाळीसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर बाराशे मीटरहून अधिक उंची मिळते. चढ थोडा सौम्य, पण ऊन आणि दमटपणा ती कसर भरून काढतात.

मार्चच्या एका पहाटे आम्ही सामानाच्या पिशव्या लावून आंबेनळीत गेलो. भावाच्या सायकलला मागे सर्वांत मोठे चक्र 28 दात्यांचे होते, पुढे लहान चक्र 34 चे. पुण्याच्या रस्त्यांवर ते पुरेसे होते. प्रतापगडाच्या फाट्याच्या अलीकडे त्याने पेडल मारताना शरीर डावी-उजवीकडे टाकायला सुरुवात केली, आणि वाडा गावाला पोहोचेपर्यंत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ येऊ लागली होती. चहाच्या टपरीवर बसून तो बोटाने ती जागा दाबत राहिला. आम्ही तिथूनच परत फिरलो.

घरी येऊन गणित मांडले. सामानासह सात-आठ टक्के चढावर आमचा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास राहतो. त्या वेगाला 34 ला 28 या जोडीवर पाय मिनिटाला जेमतेम 49 वेळा फिरतात, म्हणजे प्रत्येक फेरीत गुडघ्यावर जोर येतो. मागे 34 दात्यांचे चक्र असेल तर त्याच वेगाला पाय 60 वेळा फिरतात आणि प्रत्येक फेरीतला जोर तेवढा हलका होतो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण तीन तासांच्या चढात पाय नऊ-दहा हजार वेळा फिरतात. आम्ही दोन्ही सायकलींना 11-34 चे कॅसेट, म्हणजे 11 ते 34 दात्यांच्या मागच्या चक्रांचा संच, बसवले. भावाच्या सायकलला त्यासाठी लांब केजचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आणि नवी चेन घ्यावी लागली. डोंगरात जाणाऱ्या कुणालाही मी हे सांगेन, की महागड्या हलक्या सायकलीपेक्षा योग्य गिअरवर पैसा घालवावा. मे महिन्यात आंबेनळी पुन्हा केला, तेव्हा गुडघ्याने तक्रार केली नाही.

काळ ठरवताना फारसे पर्याय नव्हते. या खिंडी साधारण जूनमध्ये उघडतात आणि पहिला मोठा बर्फ पडला की बंद होतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याची शक्यता अधिक आणि मोटारसायकलींची वर्दळही मोठी, म्हणून आम्ही सप्टेंबरचा पहिला आठवडा धरला आणि ग्रिम्सेल कामाच्या दिवशी येईल असे पाहिले. शेंगेन व्हिसासाठी निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. तो आम्ही लवकर उरकला. तिथल्या रेल्वेत सायकल सुटी करून पिशवीत बांधली तर ती हातसामान धरली जाते, हे कळल्यावर विमानतळापासून ल्युसर्नपर्यंतची चिंता मिटली.

कपड्यांचा विचार मात्र दोनदा करावा लागला. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी उतरते. तळ्याकाठी 22 अंश असतील तर ग्रिम्सेलच्या माथ्यावर बारा आणि फुर्कावर दहा. चढताना घामाने भिजलेले अंग घेऊन तसेच उताराला लागलो, तर वाऱ्याने बोटे इतकी बधिर होतात की ब्रेक नीट दाबला जात नाही. आपल्याकडे घाट उतरताना गार वारा सुखाचा वाटतो. तिथे पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट ही सुरक्षेची साधने आहेत. आम्ही ती खाली न ठेवता हँडलबारच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवायची, असे ठरवले.

खाण्याचे आईने मनावर घेतले. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ तिकडे नेण्यास बंदी आहे, म्हणून तिने शेंगदाणे आणि गूळ यांचे लाडू तुपाचे बोट न लावता वळले. रविवारी गावातली दुकाने बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ब्रेड आणि केळी घेऊन ठेवायची, ही नोंद वहीत लाल शाईने केली होती. पाणी विकत घ्यावे लागले नाही. गावोगावी वाहते हौद असतात आणि जिथले पाणी पिण्याजोगे नाही तिथे तशी पाटी असते.

ग्रिम्सेलच्या दिवशी आम्ही सकाळी सातला निघालो. गुटानेन हे वाटेतले शेवटचे गाव, 1,057 मीटरवर. त्यापुढे जिथे बोगदे आहेत तिथे काही ठिकाणी जुना रस्ता सायकलींसाठी कड्याच्या बाहेरून ठेवलेला आहे. त्या रिकाम्या रस्त्यावर चेनचा आणि खालच्या आरेचा आवाज तेवढा ऐकू येत होता. डावीकडचा ग्रॅनाइट हिमनदीने घासून इतका गुळगुळीत केला आहे, की त्यावरून ओघळणारे पाणी कुठेही न अडखळता सरळ खाली येत होते. झाडे संपली. पहिल्या धरणाचा जलाशय आला, मग दुसरा, ग्रिम्सेलझे, पाणी राखाडी झाक असलेले हिरवे. हिमनद्या खडक दळून जे पीठ करतात ते पाण्यात तरंगत राहते आणि प्रकाश पसरवते. ब्रिएन्झच्या तळ्याचा निळा-हिरवा रंगही याचाच. मी बाटली बुडवून पाणी उन्हात धरले. त्यात बारीक धूळ हळूहळू फिरत होती.

माथ्यावर टोटेनझे, म्हणजे मृतांचे तळे, आहे. आम्ही पावणेबाराला तिथे पोहोचलो. वहीत बाराचा अंदाज होता. भावाने आधी जाकीट चढवले, मग हातमोजे, आणि मग गुडघ्यावरून हात फिरवून मान हलवली. समोर सहा वळणांचा उतार खालच्या ग्लेच या वस्तीला जात होता आणि त्यापलीकडे फुर्काचा रस्ता डोंगरावर ओढलेल्या रेघेसारखा दिसत होता. उद्याचा चढ आज समोर दिसत असला की जेवण नीट जाते, असे मला तिथे आढळले.

फुर्का दुसऱ्या दिवशी स्वच्छ उन्हात झाली. ऱ्होनच्या हिमनदीचा काठ उन्हाळ्यात वितळू नये म्हणून पांढऱ्या कापडाने झाकलेला आहे. ते कापड जवळून मळकट आणि फाटलेले दिसते. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो आणि फोटो काढला नाही. ओबरआल्पच्या दिवसाबद्दल एवढेच, की सामान नसलेली सायकल पिसासारखी वाटते.

सुस्टेनबद्दल आखणीत एक अट होती : वासेनला नऊच्या आत पोहोचलो आणि वरची धार स्वच्छ दिसली, तरच वळायचे. वासेन 916 मीटरवर, खिंडीचा रस्ता 2,224 मीटरवर, मध्ये 18 किलोमीटर आणि विसावा जवळजवळ नाही. आम्ही साडेआठला तिथे होतो. ढग धारेच्या बरेच खाली आले होते. भाऊ रस्त्याच्या पाटीखाली सायकल धरून उभा राहिला, वर पाहिले, घड्याळ पाहिले.

"अट आपणच घातली होती ना, ताई," तो म्हणाला आणि सायकल उताराकडे वळवली.

ल्युसर्नच्या तळ्याच्या दक्षिण टोकाला, फ्लुएलेनच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा दक्षिणेकडचे डोंगर पावसाने पुसून गेले होते. सायकली बोटीवर बांधल्या. ल्युसर्न तिथून जवळपास तीन तास. डब्यात दोन लाडू उरले होते. पुढच्या वेळी सुस्टेन इनर्टकिर्खेनच्या बाजूने चढायची, चढ 1,600 मीटरचा पण 28 किलोमीटरमध्ये विभागलेला, असे भावाने बोटीवरच वहीच्या नव्या पानावर लिहिले आणि त्यासमोर तारखेची जागा मोकळी ठेवली.