स्मरणिकेतले ‘साभार’ आणि मुक्त परवाने

हिवाळा लागला की कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा बेळगाव परिसरातील गावांतून मराठी साहित्य संमेलने भरू लागतात, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकांच्या कामात हातभार लावताना एक समज मला सर्वत्र आढळतो. कविता व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली असते, मुखपृष्ठाचे छायाचित्र इंटरनेटवरून उतरवून घेतलेले असते, आणि खाली ‘साभार’ किंवा ‘सौजन्य : गूगल’ असे छापले की संपादक मंडळाची जबाबदारी संपली, असे चांगली वाचनाची सवय असलेली माणसेही मानतात. त्यातच एखादी कृती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरण्याची आगाऊ मुभा देणाऱ्या परवान्याखाली, असल्याचे कळले, तर आता तिला धनीच उरला नाही असे गृहीत धरले जाते.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. २००१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये जे परवाने प्रसिद्ध केले, ते स्वामित्वहक्काच्या कायद्यावरच उभे आहेत; हक्क निर्मात्याकडे आहे, म्हणूनच कोणत्या अटींवर इतरांनी ती कृती वापरावी हे तो ठरवू शकतो. तोच कवी त्याच कवितांचा संग्रह छापून विकू शकतो, मानधनही घेऊ शकतो. या संस्थेच्या सहाही परवान्यांत निर्मात्याचे श्रेय बंधनकारक आहे आणि त्यासोबत परवान्याचा उल्लेख व कृतीत काही बदल केला असल्यास त्याची नोंदही द्यावी लागते. नुसते ‘गूगल’ लिहिल्याने यांपैकी काहीच साधत नाही, कारण गूगलने ते छायाचित्र काढलेले नसते.

जिथे असा परवाना नाही, तिथे भारताचा १९५७ चा स्वामित्वहक्क कायदाच लागू होतो. हक्क नोंदणीशिवाय, कृती निर्माण होताच मिळतो आणि लेखकाने हयातीत प्रकाशित केलेल्या साहित्यावर तो त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. इंदिरा संत २००० साली गेल्या, म्हणून त्यांच्या कविता २०६० अखेरपर्यंत संरक्षित आहेत, जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले, म्हणून त्यांच्या कथा २०४७ अखेरपर्यंत. ही दोन्ही माणसे आपल्या बेळगावची, हा जिव्हाळा खरा आहे. परंतु त्यांची कविता वा कथा अख्खी छापायची असेल, तर वारसांची किंवा हक्कधारकाची अनुमती घ्यावीच लागते. तुकोबांचा अभंग मात्र सर्वांचा आहे, तरी तो गायलेल्या एखाद्या मंडळाचे ध्वनिमुद्रण तसे असेलच असे नाही.

मला सर्वाधिक चिंता वाटते ती परवाना निवडताना होणाऱ्या चुकीची. आपले लेखन खुले करू पाहणारे आपल्याकडचे शिक्षक, कीर्तनकार, हौशी छायाचित्रकार बहुतेक वेळा ‘अव्यापारी’ आणि ‘बदलास मनाई’ या दोन्ही अटी जोडतात, कारण त्या सुरक्षित वाटतात. परंतु संमेलनाची स्मरणिका किराणा दुकानांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिरातींवर निघते. तिला व्यापारी म्हणावे की नाही याचा निवाडा संपादकाला करता येत नाही, आणि काळजी घेणारा संपादक असे लेखन बाजूला ठेवतो. विकिपीडियाला चित्रे पुरवणारे मुक्त भांडार विकिमीडिया कॉमन्स हेही या अटींच्या कृती स्वीकारत नाही, त्यामुळे हलशीच्या मंदिराचे उत्तम छायाचित्र असूनही ते मराठी विकिपीडियाच्या लेखापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या अटीचा परिणाम आपल्या भागात अधिक खोल आहे. भाषांतर हा कृतीतला बदलच ठरतो, म्हणून ‘बदलास मनाई’ असलेल्या मराठी कथेचे कन्नड भाषांतर शेजारच्या गावातील वाचकासाठी प्रसिद्ध करायचे झाले, तर लेखकाकडे स्वतंत्र परवानगी मागावी लागते. मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, एकाच एसटीत ऐकू येणाऱ्या या मुलुखात ते दार आपल्याच हाताने बंद करावे, हे मला मनापासून अनुचित वाटते. ज्याला आपल्या लेखनातून पुढे घडणारे लेखनही खुले राहावे असे वाटते, त्याने श्रेय आणि ‘समान वाटप’ (बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली देणे) एवढ्याच अटी ठेवाव्यात. विकिपीडियाचा मजकूर याच परवान्याखाली आहे.

परवाना देण्यापूर्वी हक्क आपल्याकडे आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. पुस्तकाचे हक्क प्रकाशकाला लिहून दिले असतील, तर ते खुले करण्याचा अधिकार लेखकाकडे राहत नाही. मात्र त्या लेखी करारात मुदत नमूद नसेल तर कायदा ती ५ वर्षांची मानतो, आणि जुन्या चिठ्ठीवजा करारांत मुदत लिहायची राहिली असणे सहज शक्य आहे; ज्येष्ठ लेखकांनी आपली कपाटे जरूर उघडावीत.

दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हेही आधीच जाणून घ्यावे. अटी मोडणाऱ्याचा परवाना मात्र आपोआप संपतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या चौथ्या आवृत्तीच्या परवान्यांत, चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर तो पुन्हा लागू होतो. त्यामुळे स्मरणिकेच्या संकेतस्थळावरील प्रतीत श्रेय राहून गेले असेल, तर ते आजही भरता येते.