काकूंचा भास

काकूंचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडच्या एका वायरिंगच्या कामाला निघालो होतो. "अरे, माशांच्या टाकीत हात घातला की झिणझिण्या येतात. सकाळी येतात. जरा बघून जा." ठाण्यातलं नौपाडा वाटेतच, म्हणून गेलो. दुपारचे साडेबारा वाजले होते. वेळ मुद्दाम सांगतोय.

जुन्या इमारतीतला तळमजला, खाली मोझेकच्या लाद्या, खिडकीला लोखंडी गज. त्या खिडकीला लागून लाकडी स्टँडवर दोन फुटी टाकी. नातू पुण्याला शिकायला गेला आणि त्याचे एंजल आणि गप्पी आजीच्या गळ्यात पडले. काकू निवृत्त शिक्षिका. पाणी बदलण्याचा वार, खाण्याची वेळ, सगळं वहीत लिहून ठेवलेलं.

मी टेस्टर पाण्यात बुडवला. दिवा नाही. फिल्टरची वायर पाहिली, एक्स्टेंशन बोर्ड पाहिला, सगळं ठीक. मासे मजेत फिरत होते. "पाण्यात करंट असता तर हे जिवंत राहिले असते का?" असं मी मोठ्या थाटात बोलूनही गेलो. वीस वर्षं वायरमनचं काम करणाऱ्या माणसाने हे बोलायला नको होतं. काकू म्हणाल्या, "मग मला काय भास होतो?" मी म्हटलं, "बीपी तपासून घ्या एकदा." दोनशे रुपये घेतले आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये जाऊन अडकलो.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन. या वेळी शेजारच्या वहिनी बोलत होत्या. काकू काचेवरचं शेवाळ खरवडत होत्या, उजवा हात टाकीत, डावा खिडकीच्या गजावर. असा झटका बसला की मागच्या खुर्चीवर आदळल्या. मी कळव्याला राहतो. खाडीपुलावर त्या वेळी गार वारा असतो, पण मला घाम फुटला होता.

काकू बसलेल्या होत्या, कोपर सुजलेलं, बाकी शाबूत. मी टेस्टर पाण्याला लावला. लख्ख पेटला. टाकीच्या कोपऱ्यात पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरचा छोटा लाल दिवाही पेटलेला होता. तो त्या दुपारी बंद होता, हे मला आठवलं, आणि पोटात कालवाकालव झाली.

थर्मोस्टॅट २६ अंशांवर लावलेला. दुपारी खोलीच २८ची, त्यामुळे हीटर बंद. पहाटे पाणी २६च्या खाली उतरतं, तेव्हा आतली पट्टी जोडली जाते आणि तापणाऱ्या तारेत फेज, म्हणजे करंट आणणारी बाजू, येतो. हीटर फुटका असला तरी दुपारी पाण्याला भिडलेल्या तारेवर फक्त न्यूट्रल, म्हणजे परतीची बाजू, टेस्टर पेटणार कुठून? त्यात प्लग दोन पिनी, सॉकेटमध्ये उलटसुलट कसाही बसतो. तो उलटा खोचलेला असता तर फेज दिवसभर तारेवर राहिला असता आणि मला दुपारीच सापडला असता. मग काकूंना दिवसभर झटके बसले असते, हेही आहेच.

टाकीत नुसती मीटरची पिन बुडवून व्होल्टेज बघण्यात अर्थ नसतो. डिजिटल मीटर चांगल्या टाकीतही भुताटकीचे चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून मेन बंद केला, हीटर उपसला, काकूंच्या स्टीलच्या बादलीत पाणी भरून त्यात खुणेपर्यंत उभा केला. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र बांधल्या, मेगरची, म्हणजे करंट कुठून गळतोय का ते तपासायच्या यंत्राची, एक वायर तिथे, दुसरी बादलीच्या काठाला. हँडल फिरवलं. ५०० व्होल्टच्या मेगरवर चांगल्या हीटरला काटा अनंताकडे जाऊन चिकटतो. हा शून्यावरून हललाच नाही. ही तपासणी दुपारीही जमली असती, थर्मोस्टॅट चालू असो की बंद. मेगर त्या दुपारीही पिशवीत होता. दोरी सोडून बाहेर काढायचा कंटाळा केला, एवढंच.

हीटर पुसून खिडकीशी धरला. काचेवर क्षारांचा पांढरा थर होता. नखाने खरवडल्यावर केसाएवढा तडा दिसला, बोटभर लांब. काचेच्या आतल्या अंगाला दवासारखे थेंब, चिनी मातीच्या दांड्यावर गुंडाळलेल्या तारेच्या टोकाशी हिरवा डाग. म्हणजे पाणी बरेच दिवस आत होतं.

"रविवारी पाणी कसं बदलता?" मी विचारलं.

"भल्या सकाळी. नळीने निम्मं काढते आणि बादलीने नळाचं ओतते."

"हीटर बंद करून?"

काकू गप्प. दुकानदाराने सांगितलं नव्हतं. पाणी निम्म्यावर आलं की हीटरची तापलेली काच उघडी पडते, ती हवेत भलतीच तापते, आणि मग जानेवारीचं गार पाणी तिच्यावर पडतं. चहाचा काचेचा ग्लास तडकतो तसंच. आधी बटण बंद, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यायची, मग पाणी काढायची नळी घालायची.

"आणि मासे?" काकूंनी विचारलं. माझंच वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं होतं. चारी बाजूंनी काच, खाली थर्माकोल, त्याखाली लाकूड. करंटला जमिनीकडे जायला वाट नाही, म्हणून मासे तारेवर बसलेल्या कावळ्यासारखे निवांत. वाट काकूंनी करून दिली, त्या हाताने थेट गजापर्यंत. एरवी नुसती पुसलेली ओली लादी पायाखाली, म्हणून झिणझिण्यांवर भागायचं.

एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न वहिनींचा. शंभर वॅटचा हीटर अर्धा अँपियरही घेत नाही. माणसाच्या अंगातून जाणारे मिलीअँपियर एमसीबीला कळत नाहीत, तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किट बघतो. गेलेला करंट पूर्ण परत आला की नाही, हे आरसीसीबी बघतो. त्या घरात तो नव्हताच. दोनच तारांचं जुनं वायरिंग, सॉकेटच्या अर्थिंगच्या भोकामागे काहीच नाही. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी आपलं काम करतो. त्याच दिवशी ३० मिलीअँपियरचा बसवला. अर्थिंगची तार मात्र सगळ्या घरात फिरवायची, ते काम अजून बाकी आहे. काकूंना भिंती फोडायच्या नाहीत.

नवा हीटर आणायला मीच गेलो. दुकानदार २०० वॅटचा देत होता, "मोठा बरा" म्हणून. त्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी. लिटरला एक वॅट या हिशेबाने पन्नासचा पुरे. थर्मोस्टॅटचे पॉइंट कधी चिकटू शकतात, मग हीटर बंदच होत नाही. तेव्हा २०० वॅट दर वीस मिनिटांना जवळपास एक अंश चढवतो, रात्रीत माशांचं सार होईल. पन्नासवाल्याला त्याच एका अंशाला सव्वा तास लागतो, तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष जातं. वायर बोर्डाकडे नेताना खाली झोळ ठेवला, ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता लादीवर ठिबकावं म्हणून.

मजुरी घेणार नव्हतो, शिवाय आधीचे दोनशे काढून टेबलावर ठेवले. काकूंनी ते माझ्याकडे सरकवले. "ते भासाचे आहेत, ठेव. आजचे सांग."

आता दर रविवारी आठच्या सुमाराला फोन येतो. "बटण बंद केलंय. वीस मिनिटं झाली. गजाला हात लावलेला नाही. घालू का हात?"