शिरेतली राखाडी रेघ

मामाजींना गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर. त्यांच्या एमआरआय रिपोर्टात 'ईएमव्हीआय पॉझिटिव्ह' असं लिहून आलं. राळेगावात कोणाला ते उलगडून सांगता आलं नाही. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर धरली आणि बोट ठेवून दाखवलं. गुदाशयाच्या भिंतीबाहेरच्या चरबीत शिरा असतात. रक्त वाहतं असलं की त्या एमआरआयमध्ये काळ्या दिसतात. मामाजींची एक शीर फुगलेली, कडा वेड्यावाकड्या, अन् आत गाठीच्याच रंगाची राखाडी रेघ. गाठ शिरेत शिरली होती. 'ईएमव्हीआय पॉझिटिव्ह' म्हणजे हेच.

गुदाशयाच्या वरच्या भागातलं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं. खालच्या भागातलं हृदयाकडे आणि तिथून फुफ्फुसांत. म्हणून अशा रोग्यात पुढे तिथे कॅन्सर पसरण्याची शक्यता जास्त धरतात. जास्त, नक्की नव्हे, हे मी सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांगितलं. छाती-पोटाच्या सीटीत काही निघालं नाही. तरी आधी रेडिएशन अन् केमो, मग ऑपरेशन असं ठरलं. त्यात या शिरेचा मोठा वाटा होता.

कापूस वेचणीपासून त्यांना संडासातून रक्त जात होतं. गावात मूळव्याध म्हणून मलम मिळत राहिलं, बोटाने तपासणी कोणी केलीच नाही. त्याचा मला अजून राग येतो.

तुमच्या घरी असा रोगी असेल तर ऑपरेशनआधी विचारा, एमआरआयमध्ये शिरांचं काय दिसलं? अन् रेशन कार्ड, आधार घेऊन जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच भेटून घ्या.