ताकद आहे, टेकू चुकतो

आज ऑक्टोबर 2025 चा नापोली–स्पोर्टिंग फुटबॉल सामना पुन्हा पाहिला. नापोलीचा स्ट्रायकर रास्मुस होयलुंड, त्याचे दोन्ही गोल सहकारी डी ब्रुईनच्या पासवर. पहिल्यात तर मोकळ्या जागेत मुसंडी आणि शांत डोक्याने फिनिश. 2003 चा जन्म, उंची 1.91 मीटर, पाय डावा. समोर मैदान रिकामं दिसलं की पोरगा ऐकत नाही.

गोची होते ती गोलकडे पाठ असताना. बॉल यायच्या आधीच तो पाठीशी असलेल्या सेंटर-बॅकवर, म्हणजे मधल्या डिफेंडरवर, सगळं वजन टाकतो. मुरलेला डिफेंडर अशा वेळी भिडतच नाही, अर्धं पाऊल मागे सरकतो. टेकू गेला की तोल गेला, पहिला टच लांब. मग हात लांबवून धरायला जायचं, की फाउल! खरं तर आधी खांद्यावरून मागे बघायचं, गुडघे वाकवून कंबर खाली, हात कोपरात दुमडून फक्त अंदाज घ्यायला, आणि बॉल डिफेंडरपासून लांबच्या पायावर. तो पाय उजवा पडला की याची पंचाईत, कारण प्रत्येक बॉल डाव्यावरच घ्यायचा हट्ट.

जिममध्ये आणखी वजनं उचलून हे सुटणार नाही. पाठीशी माणूस उभा करून भिंतीवर पास मारायचे, परतलेला बॉल फक्त उजव्याने थांबवायचा. रोज 15 मिनिटं.