स्वच्छ हवेत कण जन्मतो कसा: स्वालबार्डहून कोकणातल्या वाचकांसाठी

ओहोटी लागली की मालवण-देवगडच्या खडकांवरून जो वास येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड हा वायू असतो. तो समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. इथे आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-आलेसुंड गावात, ७९ अंश उत्तरेला, वसंतात बर्फ फुटून पाण्यावर ऊन पडलं की या वनस्पती झपाट्याने वाढतात आणि तोच वायू हवेत सुटतो. (भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून याच गावात आहे, ते चालवणारी संस्था वास्कोला, म्हणजे तुमच्या शेजारीच.)

उन्हाने तयार झालेले हायड्रॉक्सिल रेणू या वायूचं सल्फर डायऑक्साइड करतात, आणि त्यातून सल्फ्युरिक अ‍ॅसिडची वाफ बनते. ती असते तरी किती? एका घन सेंटीमीटरमध्ये १० लाख रेणू धरले, तर हवेच्या सुमारे २५ लाख कोटी रेणूंमागे एक. एवढ्यावर हवेत तरंगणारा नवा कण तयार होतो. मात्र अ‍ॅसिडचे रेणू एकटे फार वेळ चिकटून राहत नाहीत. त्यांना धरून ठेवायला अमोनिया लागतो. इथे तो मुख्यतः कड्यांवरच्या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून येतो. वेंगुर्ला रॉक्सवर होडी लावलेल्यांना हा वास ओळखीचा असेल. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला मात्र कण मुख्यतः आयोडिक अ‍ॅसिडपासून बनतात.

अशा चिकटलेल्या रेणूंचा पुंजका दीड-दोन नॅनोमीटरचा झाला की टिकतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ढगाचा थेंब धरायला तो साधारण ५० नॅनोमीटरचा व्हावा लागतो. ताशी २ नॅनोमीटरने वाढला तर पूर्ण एक दिवस. तेवढ्या वेळात तो मोठ्या कणाला जाऊन चिकटला की संपला.

कोकणात अडतं ते इथेच. हिवाळ्यात मतलई वारा जमिनीवरचा धूर आणि धूळ घेऊन येतो, पावसाळ्यात लाटांतून मिठाचे मोठे कण उडतात. अ‍ॅसिडची वाफ नवा कण करण्याआधीच त्या तयार पृष्ठभागावर बसते. आर्क्टिकमध्येही हिवाळ्याच्या शेवटी दूरवरून आलेला धुरकट थर असतो आणि तेव्हा नवे कण कमीच होतात. उन्हाळ्यातला रिमझिम पाऊस आणि ढग तो थर धुऊन काढतात, मग वाट मोकळी होते. हवेतल्या कणांचा विचार करताना गॅस किती आहे एवढंच पाहून भागत नाही. हवेत आधीपासून काय आहे, ते जास्त महत्त्वाचं.

मोजायचं कसं? कण मोजणाऱ्या यंत्रात गरम ब्युटॅनॉलच्या (एक अल्कोहोल) वाफेतून हवा नेतात, मग ती थंड करतात. वाफ कणावर साचून थेंब मायक्रोमीटरभर (हजार नॅनोमीटर) मोठा होतो आणि लेझरपुढून जाताना मोजला जातो. दोन-तीन नॅनोमीटरखालचे कण साध्या यंत्राला दिसत नाहीत. त्यासाठी आधी डायएथिलीन ग्लायकॉल या दुसऱ्या द्रवाच्या वाफेने त्यांना फुगवावं लागतं.

खरी गळती यंत्राआधीच्या नळीत होते. इतके लहान कण हवेत सैरभैर फिरतात आणि भिंतीला लागून संपतात. नळी बारीक केली की हवा जोरात जाईल आणि कण वाचतील, असं वाटतं. पण प्रवाह शांत, थरांचा असेल तर नुकसान व्यासावर नाही, लांबी आणि दर मिनिटाच्या हवेवर ठरतं. म्हणून नळी आखूड ठेवायची, मुख्य नळीतून भरपूर हवा खेचायची आणि नमुना मधल्या धारेतून घ्यायचा. साधं प्लास्टिक नको, त्यावर स्थिर वीज साचून कण ओढले जातात. स्टेनलेस स्टील वापरावं. बाहेर उणे १५ आणि खोलीत २० अंश असले, तर सैल पुंजके नळीतच विरतात. तोंडावर बर्फ साचलाय का, तेही रोज पाहायचं.

नवे कण खरोखर जन्मून वाढत असतील, तर कणांचा आकार वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखावर केळ्यासारखा वर वळत जाणारा पट्टा दिसतो. अचानक उभा खांब दिसला, तर आधी वाऱ्याची दिशा आणि काजळीचा आकडा बघा. दोन्ही एकाच वेळी बदलले असतील तर तो फियॉर्डमध्ये (डोंगरांमधल्या अरुंद खाडीत) आलेल्या जहाजाचा धूर आहे, आणि तेवढे तास आकडेवारीतून काढून टाकावे लागतात.