खटका वाजतो, अक्षर उमटत नाही

जुने कीबोर्ड दुरुस्त करताना मी ग्राहकांना एक वाक्य नेहमी ऐकवीत असे: बकलिंग स्प्रिंगच्या, म्हणजे दाबल्यावर एकदम वाकणाऱ्या स्प्रिंगच्या, कीबोर्डात खटका वाजला, की अक्षर उमटलेच म्हणून समजा. ते वाक्य ज्या दिवशी माझ्यावरच उलटले, त्या दिवसाची ही हकिगत आहे.

एक ज्येष्ठ भाषांतरकार बाई आपला आयबीएमचा मॉडेल एम घेऊन आल्या. पाठीवरच्या लेबलावर १९८९ सालची तारीख होती. त्याच्या १०१ कळांपैकी डावीकडच्या ए, एस, डी आणि झेड या चार कळा अधूनमधून अक्षर गाळत होत्या. "आवाज येतो हो," त्या म्हणाल्या, "पण तो खाली टेकत नाही." मी मान डोलावली आणि ते बोलणे कानाआड केले. ग्राहक लक्षण सांगता सांगता उपमेवर आला, की आमचे कान मिटतात. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे.

माझ्या त्या वाक्याला आधार नव्हता, असे नाही. या कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक नळी असते आणि नळीत एक बारीक उभी स्प्रिंग. कळ दाबत गेले, की स्प्रिंग आखडत जाते, बोटाला वाढता विरोध जाणवतो आणि एका क्षणी ती अचानक बाजूला मोडल्यासारखी वाकून नळीच्या भिंतीवर आदळते. त्याच क्षणी तिच्या तळाशी जोडलेली छोटी हातोडी झटक्यात कलते आणि खालच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे विजेच्या वाहिन्या असलेल्या पातळ पडद्यावर, दाब देते. बोटाखालचा विरोध एकाएकी ओसरणे, खटका वाजणे आणि हातोडी कलणे, हे सारे एकाच हालचालीतून होते. १९८१ च्या आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर आलेल्या मॉडेल एफमध्ये हीच स्प्रिंग धारितेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालणाऱ्या पट्टीवर काम करीत असे. १९८५ च्या सुमारास आलेल्या मॉडेल एममध्ये त्या पट्टीच्या जागी मेम्ब्रेन आली, पण स्प्रिंगचा स्वभाव तोच राहिला.

त्याच टेबलावर त्या दिवशी आणखी दोन कीबोर्ड उघडून ठेवले होते, एक आल्प्स कंपनीच्या निळ्या स्विचांचा आणि एक चेरी कंपनीच्या एमएक्स ब्लू स्विचांचा. (दोन्ही निळे आणि दोन्ही वाजणारे, तरी आतून एकमेकांचे कोणी नव्हेत.) आल्प्समध्ये आवाज करणारी पाती निराळी आणि विद्युतसंपर्क जोडणारी पाती निराळी असते. चेरीत सरकणाऱ्या दांड्यावर एक सैल पांढरा तुकडा बसवलेला असतो. तो सुटून खाली आपटतो तेव्हा टिक् असा आवाज येतो, संपर्काचे पत्रे मात्र बाजूला आपले काम स्वतंत्रपणे करीत असतात. त्यामुळे या दोन्ही घराण्यांत संपर्क काळवंडला, तर आवाज शाबूत राहूनही अक्षर बुडू शकते. बकलिंग स्प्रिंगमध्ये हे घडू नये, अशी माझी समजूत होती, आणि म्हणून मी थेट विजेच्या मागे लागलो.

केबल बदलून पाहिली, मेम्ब्रेनच्या पट्ट्या कंट्रोलरमधून (कळांचे संकेत वाचणाऱ्या सर्किटमधून) काढून त्यांची टोके पुसली, कंट्रोलरही दुसरा लावून पाहिला. दुपार झाली, तरी ए गाळायचा तो गाळतच होता. वास्तविक मला एक गोष्ट आधीच खटकायला हवी होती: मेम्ब्रेनची एखादी वाहिनी तुटली असती, तर त्या वाहिनीवरच्या साऱ्या कळा एकदम दगावल्या असत्या. इथे त्याच वाहिन्यांवरच्या दूरच्या कळा ठणठणीत होत्या. चार आजारी कळा मात्र एकमेकींच्या शेजारी होत्या.

शेवटी मी संगणकाचा पडदा बंद केला, डोळे मिटले आणि एका हाताने ए व दुसऱ्या हाताने एल आळीपाळीने दाबत राहिलो. पहिली काही मिनिटे दोन्ही आवाज सारखेच वाटले. मग हळूहळू एलच्या खटक्याचे दोन थर वेगळे होऊ लागले. वर स्प्रिंगचा कडक, किंचित धातूचा झणका होता आणि त्याच्या खाली, जवळजवळ त्याला चिकटूनच, पत्र्यावर आदळल्याचा आखूड ठोका होता. एमध्ये झणका तेवढाच खणखणीत होता, ठोका मात्र नव्हता. आवाज खरोखरच खाली टेकत नव्हता.

५.५ मिलिमीटरच्या लांब नळीपान्याने खालचे चार स्क्रू काढले आणि आतला सांगाडा उचलला, तेव्हा प्लास्टिकचे बारीक काळे तुकडे टेबलावर घरंगळले. सांगाडा उलटा करताच सगळे लक्षात आले. या कीबोर्डात नळ्यांच्या पाटीचे प्लास्टिकचे खुंट पोलादी पत्र्याच्या भोकांतून मागे काढलेले असतात आणि त्यांची टोके वितळवून चपटी केलेली असतात. मधल्या मेम्ब्रेनला दोन्ही बाजूंनी आवळून धरणारे तेच. इतक्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होते, त्यात नवल नाही. डाव्या कोपऱ्यातली नऊ टोके तुटली होती आणि तिथला पत्रा नखाची कड जाईल इतका सुटला होता. हातोडी नेमाने कलत होती, पण तिच्याखाली मेम्ब्रेनला पाठबळच उरले नव्हते. मी अंगठ्याने पत्रा दाबून धरून ए दाबला आणि खालचा तो ठोका लगेच परत आला.

पुढचे काम कष्टाचे असले, तरी त्यात गूढ काही नव्हते. उरलेली टोके पटाशीने उडवायची, पत्रा, मेम्ब्रेन आणि रबरी चादर अलग करायची, हातोड्यांसह १०१ स्प्रिंगा एकेक करून बाहेर काढायच्या, खुंटांच्या जागी दीड मिलिमीटरची भोके पाडायची आणि सारे पुन्हा रचून दोन मिलिमीटरचे स्क्रू व नट बसवायचे. ड्रिलचे टोक गोल बुंध्यावरून घसरते, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी तापलेल्या सुईने खळगा करून घेतला. तरीही एक भोक तिरपे गेलेच. शिवाय झेडची स्प्रिंग काढताना माझ्या चिमट्यात वाकली; तिच्या जागी सुट्या भागांच्या डब्यातली, दुसऱ्या एका मॉडेल एमची स्प्रिंग बसवली. पत्रा वक्र असल्याने नट आवळताना एका बाजूने सुरुवात करून चालत नाही. मधून कडेकडे, थोडे थोडे आवळत जावे लागते. कीबोर्ड उभा धरून टोप्या बसवल्या, तरी कॅप्स लॉक मुकाच राहिला, कारण त्याची स्प्रिंग टोपीखाली नीट बसली नव्हती. टोपी काढून पुन्हा बसवली आणि तोही बोलू लागला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. पडद्याकडे न पाहता त्यांनी एक पूर्ण परिच्छेद टंकित केला, मग थांबून झेड तीनदा दाबला.

"ही वरच्या पट्टीत वाजते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या स्प्रिंगेबद्दल मी त्यांना अवाक्षरही सांगितले नव्हते. आता सांगितले, आणि त्याच वर्षीच्या कीबोर्डातली स्प्रिंग शोधून बसवून देतो, असेही म्हणालो. त्यांनी पुन्हा एकदा झेड दाबला, कान देऊन ऐकला आणि केबल गुंडाळायला घेतली.

"राहू द्या. झेड मला दिवसातून चारदा लागतो."